धामणवाडीला बस मागणारं पत्र

आमचे मराठीचे रविकिरण सर नांदेडहून प्रशिक्षण करून आले की आठवडाभर वर्गाची खैर नसते. मागच्या साली ते गोल बसून वाचायचं शिकून आले, तर आम्ही एवढी घोडी फरशीवर गोल करून बसलो अन् खिडकीतून सातवीची पोरं आम्हाला बघून हसली. या साली ते शिकून आले 'अनुभवातून लेखन'. आल्या आल्या म्हणाले, "आजपासून गाईड बंद. डोळ्यांनी बघितलं तेच लिहायचं."

मी साक्षी. तोंड लई चालतं म्हणून सरांनी मला पहिल्या बाकावर आणून बसवलंय, पण तोंड काय बाक बघून चालतं का? मी म्हणाले, "सर, मग मागच्या महिन्यात 'मी समुद्र बोलतोय' लिहायला लावलंत ते? या वर्गात समुद्र कुणी बघितलाय?"

सर उदगीरचे. चिडले की कानडीत जातात. "सुम्म कूड!" म्हणाले, म्हणजे गप बस. पण मग स्वतःच हसले. माणूस वाईट नाही, एवढं मी कुणापुढंही सांगेन.

लिहिणं म्हणजे आमच्यासाठी गाईडातलं पाठ करणं. पत्र म्हणजे तर साचाच. वर दिनांक, मग प्रति, मग विषय, मग महोदय, अन् खाली 'आपला विश्वासू, अ. ब. क.' खरं नाव, खरं गाव, खरी शाळा पेपरात लिहायची नाही. लिहिली की तपासणाऱ्याला ओळख दिली असं धरतात अन् पेपर बाद. आठवीत वैजनाथनं चाचणीच्या पत्राखाली आपलं नाव ठोकून दिलं होतं, तर सरांनी तो कागद वर्गभर फिरवला. "बोर्डाला हे केलं असतंस तर वर्ष गेलं असतं," म्हणाले. वैजनाथ तेव्हापासून वहीवर नाव घालायलाही भितो.

तर त्या शनिवारी सरांनी सांगितलं, मागणी पत्र लिहायचं, पण खरं. पाकिटात घालायचं, तिकीट लावायचं, पोस्टाच्या पेटीत टाकायचं. ज्याचं पत्र चांगलं तेच जाणार. "गावाला काय पाहिजे ते मागा," म्हणाले.

आम्हा धामणवाडीच्या पोरींना विचार करायची गरजच नव्हती. शाळा कोळगावात, आम्ही धामणवाडीच्या, मधे कच्चा-पक्का रस्ता. बस येते ती भर दुपारी एकदा, म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायला बरी. सकाळी चालत, संध्याकाळी चालत. उन्हाळ्यात काही वाटत नाही. पण पाऊस सरला की तूर डोक्याच्या वर जाते, अन् रस्ता दोन्हीकडून झाकला जातो. त्यात रानडुकरं वेगळी अन् मोटारसायकलीवरची डुकरं वेगळी. माझी आई म्हणते, "तू चाल, रानडुकरंच तुला भितील." पूनमच्या बापाला तसं म्हणता येत नव्हतं.

पूनम माझ्या शेजारची, भावकीतलीच. दोघींत ती हुशार, मी भांडखोर. तिला मास्तरीण व्हायचं होतं. रस्त्यानं चालताना ती तुरीच्या झाडांची हजेरी घ्यायची, अन् मी 'हजर' म्हणायचे. तिचा बाप अण्णाराव, माझा अण्णाकाका. माणूस असा की पोरीला कधी 'अगं' म्हणून हाक मारली नाही, 'माय' म्हणूनच मारली. पण पोळ्याच्या दिवशी त्यानं पूनमला समोर बसवून सांगितलं, मी तिथंच होते.

"माय, तू शिकू नको असं माझं म्हणणं न्हाई. पण तुरीतनं तू येईपर्यंत मला वावरात काय सुचत न्हाई. हातातलं काम हातात ऱ्हातं. दिवाळीपर्यंत बस सुरू झाली तर बरं. न्हाई तर रेणापूरला सिंधुकडं ठिवतो. तिच्या दारासमोर शाळा हाय."

सिंधु म्हणजे पूनमची आत्या. तिचा पोरगा हरिओम खत-बियाणांच्या दुकानात बसतो. पूनम पाळण्यात होती तेव्हापासून आत्या तिला 'सूनबाई' म्हणते. आता मला सांगा, आत्याच्या घरी शिकायला गेलेली पोर आमच्याकडं परत दप्तर घेऊन आल्याचं कुणी ऐकलंय का? आधी दोन महिने शाळा, मग आत्याचं गुडघं दुखतं म्हणून भाकरी, मग अठरावं सरलं की अक्षता. हे अण्णाकाकाला माहीत होतं, पूनमला माहीत होतं, मलाही माहीत होतं. कुणी बोललं नाही एवढंच.

म्हणून ते पत्र आमच्यासाठी पाच गुणांचं नव्हतं.

सरांनी जोड्या पाडल्या. आधी बोला, मग लिहा, मग एकमेकींचं वाचा अन् एक आवडलेलं, एक सुधारायचं सांगा. वैजनाथनं क्रिकेटचं मैदान मागितलं. मी लिहिलं ते असं सुरू झालं: 'साहेब, तुमच्या घरच्या पोरी चालत जातात का? एकदा धामणवाडीला या अन् अंधार पडता तुरीतून चालून दाखवा.' सरांनी ते वाचलं अन् कपाळाला हात लावला. "साक्षी, हे पत्र आहे की भांडण?" पाचात दोन.

मग पूनमचं वाचलं. मोठ्यानं वाचलं. साचा अगदी बोर्डाचा, समास सोडलेला, विषयाखाली रेघ. पण मधे तिनं लिहिलं होतं:

'महोदय, शाळा सुटल्यावर आम्ही विद्यार्थिनी उभ्या तुरीतून घरी जातो. पुढची मुलगी कवितेची एक ओळ मोठ्यानं म्हणते, मागची दुसरी ओळ म्हणते. म्हणजे सगळ्या आहेत हे कळतं. कविता संपल्या की आम्ही पाढे म्हणतो. मागून उत्तर आलं नाही तर पुढची थांबते. आमचे एकोणतीसचे पाढेही पाठ झाले आहेत. सकाळी दहाला आणि संध्याकाळी शाळा सुटताना एक बस मिळाली तर आम्ही हळू आवाजात बोलत घरी जाऊ.'

सरांनी चष्मा काढून पुसला. पाचात पाच तर दिलेच, वर म्हणाले, "बघा, याला म्हणतात अनुभव." वैजनाथसुद्धा म्हणाला, "मैदान राहू दे, हेच पाठवा." मी पूनमच्या पाठीत असा धपका घातला की तिला ठसका लागला.

तिनं ते कोऱ्या कागदावर पुन्हा लिहिलं, मुखेडच्या एसटी डेपोच्या पत्त्याचं पाकीटही तिनंच केलं. सगळा वर्ग रांगेनं कोळगावच्या चौकात गेला, पूनमनं पत्र पेटीत टाकलं, टाळ्या वाजल्या. सरांनी फोटो काढून प्रशिक्षणाच्या ग्रुपवर टाकला, अन् त्यावर म्हणे लई अंगठे आले.

मग वाट बघणं. गणपती उठले, दसरा झाला. अण्णाकाका संध्याकाळी वावरातून आला की पाय धुवायच्या आधी विचारायचा, "माय, आला का कागद?" पूनम म्हणायची, "सरकारी काम हाय बाबा, वेळ लागतो." तो म्हणायचा, "हाव, ते बी खरं." त्याला बस पाहिजे होती, हे मी देवळात उभी राहून सांगेन. बहिणीचा फोन आला तरी तो म्हणायचा, "थांब गं, पोरीनं अर्ज केलाय, बसचं बघून राहिलो." मी मात्र रोज चिडायचे. डेपोतल्या माणसांना मी मनात काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तुरीला फुलं आली अन् दिवाळी आली. पत्राचं उत्तर आलं नाही.

भाऊबीजेला सिंधुआत्या रेणापूरहून आली. आई म्हणाली फराळाचं ताट देऊन ये, म्हणून मी गेले, अन् आईही मागून आली. अण्णाकाका पाटावर बसलेला, डोक्यावर टोपी, आत्यानं ओवाळलं. त्यानं ताटात लुगडं ठेवलं, चांगलं भारी होतं. आत्यानं ते उचलून बाजूला ठेवलं.

"लुगडं न्हाई पाहिजे दादा. या साली ओवाळणीत माझी सून घाल."

ताटात निरांजन पेटलेलं होतं. आमच्याकडं भाऊबीजेच्या दिव्यावर बहिणीनं मागितलं अन् भावानं नाही म्हटलं, असं होत नाही. झालंच तर बहिणीचं माहेर तुटलं असं समजतात. आत्यालाही ते ठाऊक होतं, म्हणून तर तिनं फोनवर न मागता दिव्यावर मागितलं. वाईट बाई नाही ती. तिला पूनम आवडायची अन् तिला ती पाहिजे होती.

अण्णाकाकानं पूनमकडं बघितलं. ती दारात करंज्यांचं ताट घेऊन उभी. तो म्हणाला, "सिंधु, पोरीनं डेपोला पत्र लिवलंय. बस सुरू झाली तर..."

"आला का जवाब?"

"न्हाई अजून."

"मग? तुरीतनंच चालवतोस का पोरीला? उद्या काय झालं म्हणजे?"

मी मधेच ओरडले, "थांबा की काका! येईल जवाब!" आईनं माझ्या दंडाला असा चिमटा घेतला की चार दिवस काळा होता. "मोठ्यात बोलू नये," म्हणाली.

अण्णाकाकानं डोक्यावरची टोपी सारखी केली. त्याच्या हातात दाखवायला काहीच नव्हतं. एक कागद असता तर त्यानं तो आत्यापुढं ठेवला असता, पण नव्हता. शेवटी "बरं," म्हणाला. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तिनं भावाच्या पाया पडून घेतलं. पूनम आत गेली. मी मागं गेले तर ती करंज्या डब्यात भरत होती, एकावर एक, मोडू न देता.

"तू रडू नको बरं," ती मला म्हणाली.

"मी कशाला रडू? मला राग आलाय!" मी म्हणाले, अन् रडले.

पुढच्या आठवडी बाजाराला आई मुखेडला निघाली तशी मी मागं लागले. बांगड्या घेते म्हणून सटकले ती थेट डेपोत. अर्जांच्या टेबलावर एक बाई बसल्या होत्या, समोर पाटी, बुद्धप्रिया मॅडम म्हणून. मी 'नमस्कार' सुद्धा म्हणाले नाही.

"बस न्हाई द्यायची तर न्हाई म्हणून तरी कळवावं माणसानं! आम्ही काय माणसं न्हाईत का?"

"कोणाचं काय, पोरी?" त्या शांत होत्या, त्यानं तर मी आणखीच पेटले.

"पत्र पाठवलं होतं! तुरीचं! पाढ्याचं!"

त्या एकदम उठल्याच. "तुरीचं पत्र? ते तुझं?"

टेबलाच्या काचेखाली होतं ते. पूनमचं अक्षर मी लांबून ओळखलं. मॅडमनी काच उचलून बाहेर काढलं. "साहेबांनी वाचलं अन् त्याच दिवशी म्हणाले, एका गाडीचे फेरे बदलता येतात, देऊन टाका. पण द्यायची कुठं गं? पाकिटावर शिक्का मुखेडचा. साऱ्या तालुक्यात तूर आहे. मी पाच-सात शाळांना फोन लावले, कुणी म्हणालं आमचं नाही, कुणी उचलला नाही. मग सुट्ट्या लागल्या."

मी खाली बघितलं. 'आपली विश्वासू, अ. ब. क., विद्यार्थिनी प्रतिनिधी, अ. ब. क. विद्यालय.' पाकिटाच्या मागंही तेच. अख्ख्या पत्रात गाव नव्हतं. कोळगाव नाही, धामणवाडी नाही, पूनम नाही. सरांनी मोठ्यानं वाचलं, चाळीस पोरांनी ऐकलं, टाळ्या वाजवल्या, अन् एकाच्याही डोक्यात आलं नाही. कारण आमची सगळी पत्रं तशीच असतात. इतकं नीट लिहिलं होतं तिनं, एक गुण कापायला जागा नव्हती. माझ्या भांडणाच्या पत्रात धामणवाडी चारदा होतं, ते आईनं चूल पेटवायला घेतलं.

मला आधी हसू आलं, खोटं कशाला सांगू. मग तिथंच फरशीवर बसले. मॅडमनी पाणी दिलं, पत्रावर पेनानं दोन्ही गावं लिहून घेतली, आत साहेबांकडं जाऊन आल्या. "शाळा उघडेल त्या दिवशी सकाळी गाडी येईल तुमच्या गावात," म्हणाल्या. इतकंच होतं ते काम. विचारून उत्तर यायला चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

घरी आले ती पायातली चप्पलही न काढता अण्णाकाकाकडं गेले. "काका, बस मिळाली! शाळेच्या दिवशीच येणार!"

"मिळाली?" तो ताडकन उठला. त्याचं तोंड असं फुललं की मला वाटलं, जमलं. "माझ्या पोरीच्या पत्रावर?" मग तो हळूहळू खाली बसला. "साक्षे, आठ दिवस आधी का न्हाई गं..."

"आता सांगा की आत्याला! फोन लावा!"

त्यानं लावला. मी त्याला आवाज मोठा ठेवायला लावला. तिकडून आत्या म्हणाली, "दादा, गल्लीत पेढे वाटून झाले. हरिओमच्या काकांना सांगून झालं. अन् दिव्यावर दिलेलं कुणी माघारी घेतं का? शिकवीन की मी तिला, मी काय वैरीण हाय?" शाळेत कधी घालणार विचारलं तर म्हणाली, "बघू." हे 'बघू' आमच्याकडं सगळ्यांना कळतं.

मी सरांना बोलावलं. उदगीरहून मोटारसायकलवर आले बिचारे, सुट्टी असून. पत्राचं ऐकून आधीच पांढरे पडले होते. "अण्णाराव, पोरीची चूक नाही. आम्हीच नाव लिहू नको म्हणून घोकून घेतलं. त्याची शिक्षा तिला नको."

"सर, चूक कुणाचीच न्हाई," अण्णाकाका म्हणाला. "मी काय करू सांगा. तुम्ही सांगाल तसं करतो. दिव्यावरचा शब्द उचलू का? बहिणीला म्हणू का, तुझा भाऊ मेला?"

मला वाटलं होतं एवढी पुस्तकं वाचलेला माणूस, काहीतरी काढेल. ते नुसते अण्णाकाकाच्या टोपीकडं बघत बसले. जाताना पूनमला म्हणाले, "लिहीत राहा." ती "हाव सर" म्हणाली. मला दोघांचाही राग आला, अन् कुणावर काढावा ते कळेना.

शाळा उघडायच्या दिवशी खरंच बस आली. सगळी धामणवाडी जमली. सरपंचांनी नारळ फोडला, कुणी हार आणला. कंडक्टर हसऱ्या तोंडाचा, दारातून वाकून म्हणाला, "ते पत्र लिहिणारी पोरगी कोण? डेपोत सगळ्यांनी वाचलंय!" बायकांनी पूनमला पुढं ढकललं, तिच्याच हातानं बसला हार घालायला लावला. तिनं नवा ड्रेस घातलेला. अण्णाकाका मागं उभा, एका हातात तिची कपड्यांची बॅग, दुसऱ्या हातात रेणापूरला न्यायची तुरीच्या शेंगांची पिशवी. माणसं त्याला म्हणत होती, "नशीबवान हाय गड्या, पोरीनं गावाला बस आणली." तो सगळ्यांना हात जोडत होता.

आम्ही चौघी पोरी पुढं बसलो. पूनम माझ्याशेजारी, खिडकीला. रस्त्यानं तूर मागं जात होती, पिवळी झालेली. वर बसून बघितलं तर ती केवढीशी दिसत होती. आम्ही इतके दिवस एवढ्याशा झाडांना भीत होतो का, असं वाटलं. चालत तासभर लागायचा तो रस्ता बोलता बोलता संपला, न बोलताच संपला.

"चला, शाळा! पोरींनो, उतरा पटापटा," कंडक्टर ओरडला.

आम्ही उठलो. पूनमही उठली. सवयीनं माझ्या खांद्यावर हात ठेवून रांगेत उभी राहिली, दोन पावलं चाललीही.

मागून अण्णाकाका म्हणाला, "तू न्हाई गं माय. आपल्याला पुढं जायचंय."

"हाव की. इसरलेच मी," ती म्हणाली अन् हसली, अन् जागेवर जाऊन बसली. अण्णाकाकानं खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

मी दारात थांबले. हातातला दांडा काही सुटेना. कंडक्टर म्हणाला, "बाई, उतर, मागं गाडी हाय." पूनमनं हातानं केलं, उतर, उतर, उशीर होईल. मी उतरले. दोनदा घंटी झाली अन् बस मुखेडकडं निघाली.

रविकिरण सर फाटकात उभे होते. आम्ही आत आलो तरी ते रस्त्याकडं बघत होते, आणखी कुणी उतरतंय का म्हणून.

"सर, एवढ्याच," मी म्हणाले.